एका गुणाची किंमत: फोंड्याच्या एका टेनिसपटूची पाच वर्षं

टेनिसच्या जागतिक क्रमवारीत हजाराच्या आसपास असलेला खेळाडू जगतो कसा, हे बाहेरच्याला सहसा दिसत नाही. टीव्हीवर दिसतात ते पहिले शंभर. ही हकिकत माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाची आहे. त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आकडे त्याच्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातलं घर. आई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, पपा सरकारी खात्यात कारकून, सोबत आजोबा. टेनिसशी घरात कुणाचाच संबंध नव्हता. मी सकाळी एका सिमेंटच्या कोर्टावर मुलांना शिकवायचो, तिथं हा कुंपणाबाहेर उभा राहून बाहेर आलेले चेंडू आत फेकायचा. एक दिवस मीच त्याला आत बोलावलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

गोव्यात खेळ म्हटलं की फुटबॉल. मिरामारचा गास्पार दियश टेनिस क्लब जुना आहे, आणि लिअँडर पेसचं घराणं मूळ गोव्याचं असल्याचा अभिमान आम्हाला सगळ्यांना आहे. पण फोंड्यासारख्या ठिकाणी टेनिस शिकणारं मूल म्हणजे दोन-चार वाड्यांत एखादं. त्यात पाऊस. वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. आमचं कोर्ट उघडं. जुलैत त्यावर शेवाळ धरायचं, मग मुलं खराट्यानं घासायची, आणि दोन दिवसांत पुन्हा हिरवं. चार महिने सराव जवळजवळ बंद, नेमका त्याच काळात पुण्या-बंगळुरूची मुलं छपराखाली किंवा कमी पावसात खेळत राहायची. हा मुलगा त्या दिवसांत शाळेच्या सभागृहाच्या भिंतीवर चेंडू मारायचा. त्याचा बॅकहँड त्या भिंतीनं घडवला, असं मी आजही सांगतो.

सोळाव्या वर्षी तो देशातल्या ज्युनियर क्रमवारीत पुढच्या फळीत आला. पुढची दोन वर्षं बाहेरच्या एका शहरातल्या अकादमीत काढली. पतसंस्थेचं पहिलं कर्ज त्या वेळी निघालं.

पहिला निर्णय: अमेरिका की थेट दौरा

२०१८. मुलगा अठरा वर्षांचा. अमेरिकेतल्या एका कॉलेजनं अर्धवट शिष्यवृत्ती देऊ केली. उरलेली फी, राहणं, जेवण धरून वर्षाला वीस हजार डॉलरच्या घरात घरच्यांना भरावे लागणार होते. दुसरा रस्ता म्हणजे लगेच व्यावसायिक दौऱ्यावर उतरणं. अकादमीतले प्रशिक्षक म्हणाले, दोन वर्षांत पहिल्या तीनशेत जाईल, कॉलेजात चार वर्षं वाया कशाला घालवता?

मी टेनिसपटू सोमदेव देववर्मनचं उदाहरण दिलं. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना त्यानं २००७ आणि २००८ असं सलग दोनदा अमेरिकेचं कॉलेज विजेतेपद घेतलं आणि तिथून तो दौऱ्यावर आला. पण देववर्मनचा खेळ आणि आमच्या मुलाचा खेळ यांत फरक होता, हे मलाही कळत होतं. म्हणून मी जोर धरला नाही. पपांनी अकादमीचं ऐकलं. त्या संध्याकाळी आम्ही कुणीच कागद-पेन्सिल घेऊन बसलो नाही, चार वर्षांच्या कॉलेजचा खर्च आणि चार वर्षांच्या दौऱ्याचा खर्च शेजारी शेजारी मांडला नाही. मांडला असता तर दिसलं असतं की दोन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब नव्हते, आणि एका रस्त्याच्या शेवटी हातात पदवी होती.

अडचण

तो दौऱ्यावर उतरला २०१९ च्या जानेवारीत. नेमकं त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं, म्हणजे आयटीएफनं, खालची सगळी रचना बदलली. एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धांना एटीपीचे, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेच्या जागतिक क्रमवारीचे, गुण मिळणं बंद झालं, त्यांची वेगळी क्रमवारी सुरू झाली. जगभर ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये गुण परत आले. पण पहिलेच सात-आठ महिने त्याला पायाखाली जमीन नव्हती. मग मार्च २०२० मध्ये कोविडनं दौराच थांबला.

खरी अडचण मात्र कायमचीच आहे, ती समजून घ्यायला हवी. दौऱ्याची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एम-१५, एकूण बक्षीस १५,००० डॉलर. विजेत्याला २,१६० डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला २५८. पात्रता फेरीत हरलं तर काहीच नाही, उलट ४० डॉलर प्रवेश शुल्क आपलंच. मुख्य फेरीत एक सामना जिंकला की एटीपीचा एक गुण, आणि तोही ५२ आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे गेल्या वर्षी कमावलेलं राखण्यासाठी यंदा पुन्हा तेवढंच कमवायचं.

नावनोंदणीचा हिशेब आणखी किचकट. स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी, नोंदणी बंद होते आणि मगच यादीत आपण कुठे आहोत ते कळतं. क्रमवारी हजाराच्या पुढे असेल तर मुख्य फेरी की पात्रता की बाहेरच, हे त्या दिवसापर्यंत अंदाजानंच धरायचं. विमानाचं स्वस्त तिकीट त्याच्या कितीतरी आधी काढावं लागतं, व्हिसाचा अर्ज त्याहून आधी. अठरा दिवसांत व्हिसा हातात पडत नाही.

आयटीएफनंच २०१३ च्या आकड्यांवर एक पाहणी केली होती. पुरुषांत साधारण ३३६ व्या क्रमांकाचा खेळाडू खर्च आणि कमाई जेमतेम बरोबरीत आणतो, असं त्यात निघालं. त्या खर्चात प्रशिक्षकाचा पैसा धरलाच नव्हता. मी हा आकडा पपांना सांगितला तो २०२२ मध्ये. चार वर्षं आधी सांगायला हवा होता.

मोनास्तिरचं पान

२०२२ हे त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष. क्रमवारी नऊशेच्या घरात गेली. वर्षाच्या शेवटी तो ट्युनिशियात मोनास्तिरला गेला. तिथं आणि इजिप्तमध्ये शर्म अल शेखला आठवड्यामागून आठवडा एकाच जागी एम-१५ होतात, त्यामुळे प्रवास वाचतो. जगभरातली याच क्रमांकांची मुलं तिथं मुक्काम ठोकून असतात.

त्याची एक हिरव्या पुठ्ठ्याची वही आहे. मोनास्तिरचं पान असं:

पाच आठवडे. फोंडा ते मुंबई ते ट्युनिस जाऊन येऊन ६८,०००. हॉटेल आणि जेवण, खोली दोघांत वाटून, १,३०,०००. प्रवेश शुल्क १६,०००. स्ट्रिंग, ग्रिप, चेंडू १४,०००. विमा, फोन, किरकोळ १२,०००. एकूण २,४०,०००.

जमेला: दोन आठवडे पात्रतेतच गारद, शून्य. दोन आठवडे पहिल्या फेरीत हार, १५६ आणि १५६. एक आठवडा दुसऱ्या फेरीत हार, २५८. मिळून ५७० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानं ४६,७४०, तेही कर कापण्याआधी.

पानाच्या तळाशी, खर्चातून बक्षीस वजा करून, त्यानं पेन्सिलीनं लिहिलं आहे: १ गुण = १,९३,२६०.

त्या पानावर आणखी एक गोष्ट आहे, ती मला आवडते. स्पर्धेच्या ठिकाणी गटिंगला, म्हणजे रॅकेटला नवी तार ओढून घ्यायला, एका रॅकेटमागे बरेच पैसे जातात. त्यानं जुनं हलकं गटिंग मशीन विकत घेतलं होतं आणि २०० मीटरचं रीळ बरोबर नेलं होतं. एका रिळात सोळा-सतरा रॅकेट निघतात. रात्री हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेला मशीन लावून तो स्वतःच्या रॅकेट ओढायचा, मग शेजारच्या खोलीतल्यांच्याही. त्या पाच आठवड्यांत गटिंगमधून आलेले पैसे त्यानं बक्षिसाच्या खाली वेगळ्या शाईनं लिहिले आहेत: ९,२००. टेनिस खेळून मिळालेल्या पैशाच्या जवळपास पाचवा हिस्सा त्यानं दुसऱ्यांच्या रॅकेटवर कमावला.

पासपोर्टचा प्रश्न

हा पर्याय गोव्याबाहेरच्या खेळाडूला नसतो, म्हणून जरा सविस्तर.

मोनास्तिरहून आल्यावर त्याच्या एका मित्रानं सुचवलं, पोर्तुगीज पासपोर्ट काढ. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं. आजोबांचा जन्मदाखला पोर्तुगीज भाषेतच आहे. नेहमीची रीत अशी की आधी आजोबांची जन्मनोंद लिस्बनला, मग वडिलांची, मग मुलाची.

फायदा खराखुरा होता. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, दर वेळी मागायचा, आणि मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पोर्तुगीज पासपोर्ट असता तर युरोपात वर्षभर हिंडता आलं असतं. पोर्तुगालच्या अल्गार्व्हे भागात फारो, लुले, व्हाले दो लोबो अशा ठिकाणी लागोपाठ स्पर्धा असतात. जर्मनी-फ्रान्समधल्या क्लब लीगमध्ये सामन्यामागे पैसे मिळतात, तिथंही दार उघडलं असतं. आदल्या वर्षी व्हिसा वेळेत न आल्यानं त्याचे तीन आठवडे बुडाले होते.

तोटाही तेवढाच खरा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. देशाच्या संघात फक्त भारतीय पासपोर्टधारकच खेळू शकतो, हे सरकारचं धोरण २००८ पासून आहे. शिवाय साखळीत पपांची नोंद येणार होती. लिस्बनला जन्मनोंद केली एवढ्यानंच माणूस परदेशी नागरिक ठरतो का, यावर गोव्यात मोठा वाद झालेला आहे. पपा सरकारी नोकर, निवृत्तीला सहा वर्षं. मुलाच्या व्हिसासाठी घरातला एकमेव ठाम पगार पणाला लावायचा का?

मला वाटलं होतं, आजोबा विरोध करतील. गोवा मुक्त झाला तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. ते म्हणाले, कागद माझा आहे, पोराच्या उपयोगी पडत असेल तर सही करतो. नाही म्हणाला तो मुलगाच. ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात व्हायची होती, कित्येकदा पुढे ढकलली गेली होती, आणि ती झाली की गोव्याच्या जर्सीत उतरायचं हे त्यानं मनाशी धरलं होतं.

पैशाच्या हिशेबानं हा निर्णय चुकीचा म्हणता येईल. मी तसं म्हणत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पर्धा झाली, तो गोव्याच्या संघात होता, आणि आई-पपांनी त्याला गावाबाहेरच्या मोठ्या स्पर्धेत खेळताना पहिल्यांदाच समोर बसून पाहिलं. पदक नाही मिळालं.

एक मेसेज

२०२३ च्या सुरुवातीला परदेशातल्या एका एम-१५ मध्ये त्याच्या इन्स्टाग्रामवर एका अनोळखी खात्यावरून मेसेज आला. पहिल्या फेरीच्या सामन्यात दुसऱ्या सेटमधला एक ठरावीक सर्व्हिस गेम हरायचा. सामना जिंकलास तरी चालेल. दोन हजार डॉलर. म्हणजे आठवडाभर पाच सामने जिंकून विजेत्याला जेवढं मिळतं, जवळजवळ तेवढं, एका गेमसाठी.

हरल्यावर सट्टा लावणाऱ्यांच्या शिव्या त्याला सवयीच्या झाल्या होत्या. आईबद्दल घाणेरडं लिहिलेलं तो वाचायचा आणि पुसून टाकायचा. हा मेसेज वेगळा होता. त्यानं उत्तर दिलं नाही आणि रात्री मला फोन केला.

इथं मी चुकलो. मी म्हणालो, ब्लॉक कर, पुसून टाक, झोप. माझ्या मनात तो त्रासातून सुटावा एवढंच होतं. पण टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत फक्त नकार देणं पुरत नाही. असा प्रस्ताव आला आणि कळवला नाही, तर तोही गुन्हा आहे. शिक्षा आजीवन बंदीपर्यंत आणि दंड अडीच लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. खेळाडूला नोंदणीबरोबर याचं ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं असतं. त्यानं ते केलं होतं, मी केलं नव्हतं. त्यानं माझं न ऐकता मेसेजचे स्क्रीनशॉट काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सामन्याआधी टेनिसच्या सचोटी यंत्रणेला, म्हणजे आयटीआयएला, कळवलं. मग सामना खेळला आणि सरळ दोन सेटमध्ये हरला.

नंतर त्यानं मला विचारलं, सर, मी हरलो ते मुद्दाम असं तर कुणाला वाटणार नाही ना? हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. ज्याच्याकडे घरी जायच्या तिकिटाचे पैसे मोजून उरले आहेत अशा तेवीस वर्षांच्या मुलावर एवढा भार टाकणारी ही व्यवस्था आहे, आणि बक्षिसाची रक्कम वाढवल्याशिवाय नुसत्या बंदीनं तो भार हलका होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

२०२३ च्या शेवटी

वर्षभरात त्याचे जुने गुण गळत गेले, नवे तेवढे आले नाहीत. उजव्या मनगटाला सूज राहायची. कर्ज १२ लाखांवर गेलं होतं.

ऑगस्टमध्ये एटीपीनं पहिल्या २५० खेळाडूंसाठी किमान उत्पन्नाची हमी जाहीर केली: पहिल्या शंभरांना वर्षाला ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख, १७६ ते २५० ला ७५ हजार. चांगलीच गोष्ट. पण ती आमच्यापर्यंत पोचत नव्हती. सप्टेंबरमध्ये सुमित नागलची मुलाखत आली: भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू सांगत होता की त्याच्या खात्यात ९०० युरो उरलेत. पपांनी ते पेपरात वाचलं आणि पेपर घडी घालून टेबलावर ठेवला. त्या दिवशी ते जेवताना काही बोलले नाहीत.

डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण त्यांच्या सोप्यावर बसलो. या वेळी कागद होता. पर्याय तीन: आणखी ८ लाख काढून पूर्ण वर्ष दौरा; फक्त भारतातल्या स्पर्धा, दुहेरीवर भर, आणि उरलेल्या दिवसांत शिकवणं; किंवा आजच थांबणं. मुलाला पहिला हवा होता. आईला तिसरा. आजोबांनी एकच वाक्य उच्चारलं, ते घरात बोलतात तसं कोकणीत: "पुरो केन्ना म्हणपाचें, तें आदीं थारायात." पुरे कधी म्हणायचं, ते आधी ठरवा.

म्हणून दुसरा पर्याय ठरला, पण दोन रेषा आखून: ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आणि ३ लाख ही रक्कम. दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथं दौरा थांबणार. मुलानं ते वहीत लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्याच महिन्यात नागलनं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१ व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा तो पहिलाच भारतीय पुरुष. आमच्या घरात दोन दिवस पुन्हा चर्चा झाली की रेषा थोडी पुढे सरकवायची का. सरकवली नाही, हे मला त्या सगळ्या वर्षांतलं सगळ्यात कठीण काम वाटतं.

काय वेगळं करता आलं असतं

कॉलेजचं वर सांगितलं. दुसरं म्हणजे आम्ही दर वेळी निर्णय घेतला तो मागच्या आठवड्याच्या निकालावर. जिंकून आला की पुढचं तिकीट, हरून आला की घरात अबोला. हिशेब वहीत होता, पण वर्षातून एकदा शांतपणे वही उघडून बसलोय असं २०२३ पर्यंत झालंच नाही.

दुहेरी फार आधी घ्यायला हवी होती. त्याची सर्व्हिस आणि नेटजवळचा हात चांगला होता, आणि दुहेरीत मनगटावर ताण कमी. पण एकेरीचा क्रमांक हाच खरा क्रमांक, हे मीच त्याच्या डोक्यात लहानपणी घातलं होतं.

आणि पावसाळा. त्या चार महिन्यांत त्याला दर वर्षी कुठेतरी छपराखाली पाठवलं असतं, तर अकादमीची दोन वर्षं कदाचित लागलीच नसती. हे मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण आता शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना पहिल्या भेटीत हेच विचारतो: जूनमध्ये कुठे खेळणार?

परिणाम

२०२४ मध्ये तो भारतात सहा आठवडे खेळला, जमेल तिथं रेल्वेनं गेला. एकेरीत दोनदा पात्रतेतून मुख्य फेरी गाठली, दुहेरीत एकदा उपांत्य फेरी. पैसे नोव्हेंबरातच संपले आणि तो थांबला. तारखेला अजून महिना होता.

आता तो माझ्याबरोबर शिकवतो, सकाळी सहा ते नऊ. दुपारी घराच्या सोप्यावर तेच मशीन लावलेलं असतं. मडगाव, म्हापशाहूनही रॅकेट येतात. कर्जातले पाच लाख फिटले आहेत. मनगट बरं आहे.

दौऱ्यावर नाव ठेवायचं तर आयटीएफचं सभासदत्व दर वर्षी भरावं लागतं. यंदाही त्यानं ते भरलं. वहीत नोंद दिसली म्हणून मला कळलं. मी त्याला काही विचारलेलं नाही.